एकाच चाकाचं काम

तुर्भ्याच्या गॅरेजात आमची फियाट लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती. पुढची दोन्ही चाकं काढून बाजूला ठेवलेली. मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. चाचांनी डाव्या बाजूचा ड्रम काढला, आत बघितलं. मग उजव्या बाजूचा काढला, तिथंही बघितलं. मग मला म्हणाले, "पाटील, या गाडीत एकाच चाकाचं काम झालंय. डावीकडचा सिलिंडर मागाहून बसवलेला आहे, उजवीकडचा जुनापुराणा. ज्यानं कुणी हे काम केलं, त्यानं बाकीची चाकं उघडूनसुद्धा बघितली नाहीत."

मी म्हटलं, "असेल."

चहा हातात तसाच राहिला. ते काम कधी झालं, कुठं झालं आणि बाकीची चाकं का उघडली नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्यानं कुणी, तो मीच.

गाडी १९७७ ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला फियाट सोडून दुसरं नाव कुणी दिलं नाही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९६४ पासून हीच गाडी फियाट अकराशे डिलाइट म्हणून निघायची, १९७४ ला तिची पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणजे हीच गाडी. त्यातली शेवटची नोंदवलेली टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरात फोटो आला होता. तो फोटो बघून धाकट्या मुलानं पहिल्यांदा म्हटलं, "बाबा, आपली फियाट चालू करू या. माझ्या लग्नाला तीच काढू."

ही गाडी माझ्या वडिलांनी १९८६ साली मुंबईतल्या एका पारशी बाईंकडून जुनी घेतली. पैसा जमिनीचा. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमचीही खारजमीन गेली. जमिनीचे पैसे कसे आले आणि कसे गेले, ते आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. लग्नं झाली, हळदीत बँड वाजले, घरांवर स्लॅब पडले, उरलेलं दवाखान्यात गेलं. त्या पैशातली एकच वस्तू आज आमच्या दारात उभी होती, ती ही फियाट. २००८ नंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

माझ्याकडे साठ हजार बाजूला होते. मुलाचं म्हणणं, रंग काढून घेऊ, सीटा शिवून घेऊ, क्रोम चकचकीत करू. फोटोत तेच दिसणार. चाचा म्हणाले, "रंग मागाहून. आधी पुढची बैठक आणि ब्रेक." चाचा मूळचे म्हसळ्याचे. उमेदीची सगळी वर्षं कुर्ल्यात टॅक्स्यांच्या खाली उताणं पडून काढलेली. त्यांनी जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं आणि मला बोलावलं. "घड्याळात बारा वाजतात तिथं एक हात धरा, सहा वाजतात तिथं दुसरा. आता हलवा." मी हलवलं. चाक दाढेतल्या दातासारखं हललं. आत टक् टक् आवाज आला.

"हा किंगपिनचा खेळ," चाचा म्हणाले. "चाक ज्याच्यावर वळतं, ती ही खुंटी. तिचे बुश संपलेत. वर रंग मारून काय करता? चाकालाच पाय नाही."

या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात आणि मधे गुंडाळी स्प्रिंग. मागं मात्र बैलगाडीच्या जवळची गोष्ट, पाट्यांचा कमान-स्प्रिंग. पुढचा स्प्रिंग काढताना चाचांनी सगळ्यांना लांब उभं केलं. दाबलेल्या स्प्रिंगात केवढी ताकद कोंडलेली असते, ती एकदम सुटली तर माणूस जायबंदी होतो. शिकंजा लावून, एकेक पेच सैल करत तो काढला. आर्मचे रबरी बुश हातात घेतले तर त्यांचा भुगा झाला. ग्रीसच्या निपलांत ग्रीस नव्हतं, दगड झालेली माती होती. ग्रीसचा पंप दर महिन्याला मारायचा असतो. मी किती वर्षं मारला नव्हता, ते त्या मातीनं सांगितलं.

ब्रेकचं त्याहून वाईट. या गाडीला चारही चाकांना ड्रम. आत दोन शू, त्यांना अस्तर. पायानं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरात जातं, तिथला रबरी कप पुढं सरकतो, शू ड्रमला भिडतो. साधी गोष्ट. पण त्या काळच्या या गाडीत ऑइलची वाट एकच. चारही चाकं एकाच तेलावर. म्हणजे एका चाकाचा कप झिजला, तिथनं तेल गळालं, तर तेवढंच चाक जात नाही, चारही जातात. आताच्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक गेली तरी दुसरी धरते.

चाचांनी जुने शू फुंकले नाहीत, ओल्या फडक्यानं पुसले. "जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत जाते. आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही, आम्ही हवेचा पाइप मारून उडवायचो," ते म्हणाले. त्यांचा एक जोडीदार दम्यानं गेला म्हणे. धुळीनं गेला की बिडीनं, कोण सांगणार.

आता त्या एका चाकाची गोष्ट.

आमच्या घरात तीस वर्षं एक चमत्कार सांगितला जातो. १९९४ सालचा चैत्र. कार्ल्याला एकवीरा आईच्या यात्रेला आम्ही गेलो होतो. फियाटमध्ये आम्ही आठ जण. माझी आई, बायको, बहीण, तिची दोन पोरं, माझा मोठा मुलगा आणि बायकोच्या मांडीवर वर्षाचा धाकटा. मागून आमच्याच आळीतल्या भाऊच्या टेम्पोत बाकीचा गोतावळा. भाऊ म्हणजे नात्यानं भाऊ नव्हे. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं, मीही म्हणायचो. परत येताना बोरघाट उतरत होतो. एक्स्प्रेस-वे तेव्हा नव्हता, जुनाच घाट. शिंग्रोबाच्या देवळाशी आम्ही नाणं टाकलं. त्याच्या बरंच खाली आल्यावर पेडल पायाखाली गेलं ते वर आलंच नाही. दोनदा, तीनदा मारलं, काही नाही. मी गाडी दुसऱ्या गिअरात पाडली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत घासत नेली. रस्ता रुंद झाला होता तिथं एक ठाकरीण करवंदांची पाटी घेऊन बसायची. गाडी त्या पाटीवर जाऊन थांबली. पाटी चिरडली. बाई पाटीपाशी नव्हती. पाणी प्यायला उठून गेली होती. मिनिटापूर्वी.

माझी आई गाडीतून उतरली, जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "आयेनं वाचवलं रं पोरांना." तेव्हापासून सत्यनारायण असो, बारसं असो, ही गोष्ट निघतेच. मी सांगायचो ती रंगवून सांगायचो. गिअर कसा पाडला, हात कसा थरथरला नाही, करवंदं काचेवर कशी उडाली. बाईला मी शंभर रुपये दिले, हेही सांगायचो. तिनं ते घेतले, चिरडलेल्या पाटीकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. काही बोलली नाही. हे मात्र मी सांगत नसे.

आणखी एक सांगत नसे. त्या दिवशी डिक्कीत ब्रेक ऑइलचा डबा होता. तो तिथं दोन महिने होता. कारण दर आठ दिवसांनी ऑइल कमी व्हायचं आणि मी वरून भरायचो. तेल कमी होतं म्हणजे कुठंतरी गळतं, हे कळायला मेकॅनिक लागत नाही. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसायची. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढायची, कारण तेल लागलेला शू धरत नाही. मला सगळं दिसत होतं. काम करायचं तर गाडी दोन दिवस उभी राहणार, पैसे जाणार, आणि यात्रा तोंडावर. डबा विकत घेणं सोपं होतं. घाटात सारखा ब्रेक मारावा लागतो, ड्रम तापतात. जुन्या ऑइलानं हवेतलं पाणी ओढलेलं असतं, ते तापून त्याची वाफ होते. त्यात गळती. पेडल जाणारच होतं. न जातं तर नवल.

त्या दिवशी खोपोलीहून नवा सिलिंडर भाऊनंच टेम्पो पळवून आणला. बसवणारा मेकॅनिक म्हणाला, एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, चारही बघून घ्या. भाऊसुद्धा म्हणाला, "चारी चाकं खोल." मी म्हटलं, पोरं भुकेली आहेत, घरी जाऊन बघू. घरी गेल्यावर पेढे वाटले, चमत्कार सांगितला, चाकं राहिली. ती परवा उघडली, तुर्भ्यात.

पाच वर्षांनी, १९९९ च्या पावसाळ्यात, भाऊच्या टेम्पोचे ब्रेक गेले. गावाजवळच्या वळणावर. शाळेतून येणारा एक मुलगा होता, तो गेला. भाऊलाही आपले ब्रेक ढिले आहेत हे माहीत होतं. टेम्पोचा हप्ता थकलेला, एक दिवस टेम्पो उभा म्हणजे एक दिवसाची भाजी मार्केटात जाणार नाही. मला चारी चाकं खोल म्हणणारा तोच, आणि स्वतःचं काम पुढं ढकलणाराही तोच.

कोर्टात सात वर्षं तारखा पडल्या. शेवटी काही महिन्यांची शिक्षा झाली. पण गावानं दिलेली शिक्षा मोठी होती. अपघातानंतर देवळात बैठक बसली, मुलाच्या घरच्यांना काय द्यायचं ते ठरवायला. देण्याचं ठरलं, ते बरोबरच होतं. पण त्या बैठकीत मी उभा राहून बोललो, "ज्याला गाडी सांभाळता येत नाही, त्यानं ती चालवू नये. पैशापायी लोकांची पोरं मारायची का?" लोकांनी माना डोलावल्या. भाऊ खांबाला टेकून बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याला डबा माहीत होता, सिलिंडर त्यानंच आणला होता. एक शब्द बोलला असता तर मी तिथंच खाली बसलो असतो. तो बोलला नाही. मी नजर दुसरीकडे केली. त्यानंतर भाऊनं टेम्पो विकला, पुढं प्लॉटही विकला. लोकांनी त्याला लग्नाच्या पत्रिका देणं बंद केलं नाही, पण तो आला तर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

गॅरेजातनं घरी आलो त्या रात्री मी हाच विचार करत होतो. भाऊनं जे केलं तेच मी केलं. माहीत असून टाळलं. त्याच्या वळणावर मुलगा होता, माझ्या वळणावरची बाई पाणी प्यायला गेली होती. एवढाच फरक. ती तहान माझी पुण्याई नव्हती. मग मी चमत्काराचा मानकरी आणि तो मारेकरी, हे कशाच्या जोरावर?

माझी भाची कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, यावर १९७६ साली दोन मोठ्या प्राध्यापकांनी लिहिलंय. इंग्लंडचे बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेतले थॉमस नेगल. नेगल यांनी तर दाखला ट्रक ड्रायव्हरचाच दिलाय. ब्रेक तपासून घेतले नाहीत, आणि रस्त्यात मूल आलं." मी दहावीपर्यंत शिकलेला. पण हे ऐकून मला जरा धीर आला, की घाटातला हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. तिनं सांगितलं त्यावरून त्यांचा पेच असा : माणसाला दोष द्यायचा तो त्याच्या हातात असलेल्या गोष्टीचा द्यावा, हे सगळ्यांना पटतं. पण प्रत्यक्षात आपण दोष देतो तो पुढं काय घडलं त्यावरून, आणि ते घडणं बरंचसं त्याच्या हातात नसतं.

कीर्तनकार वेगळ्या शब्दांत तेच सांगतात. काम आपलं, फळ आपलं नाही. आम्ही शेतकरी हे वाक्य पीक बुडाल्यावर समाधानासाठी वापरतो. पण ते उलटं धरून बघा. फळ माझं नाही, तर चांगल्या फळाची शेखीही माझी नाही. बाई वाचली, हे फळ. ते माझं नव्हे. माझं काय? डिक्कीतला डबा. तेवढाच माझा.

कायदा काय म्हणतो तेही मी पनवेलच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही म्हणतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणे गाडी हाकली तर २७९ कलम, सहा महिन्यांपर्यंत. त्याच निष्काळजीपणानं माणूस मेला तर ३०४-अ, दोन वर्षांपर्यंत. म्हणजे कायदाही फळ बघतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९० कलम आहे. गाडीत धोक्याचा दोष आहे हे माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं अशा वेळी, गाडी रस्त्यावर आणली तर तोच गुन्हा. कुणी मरायची वाट बघायची नाही. मी विचारलं, "त्या कलमाखाली मी गुन्हेगार होतो का?" वकील हसले. म्हणाले, "पाटील, तीस वर्षांनी कोण विचारतो?" पण हो की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी समजायचं ते समजलो.

आता कुणी म्हणेल, मग भाऊ आणि तू सारखेच, एवढंच ना? तसं मला म्हणता येत नाही. मी त्या मुलाच्या आईपुढं उभा राहून असं बोलून बघितलं, मनातल्या मनात. जमत नाही. तिचं पोर गेलं. माझ्या हातून एक पाटी गेली. भाऊला देणं होतं ते खरं देणं होतं, आणि तसलं देणं माझ्यावर नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं जे रात्रंदिवस येत असेल ते माझ्या डोळ्यांपुढं येत नाही. हा फरक खोटा नाही. पुसायला गेलं तर त्या आईचा अपमान होतो. मग सारखं काय आणि वेगळं काय, याचा गुंता मला सुटेना.

तो सुटला, जितका सुटला तितका, तो बांधावर.

आमची शेती खाडीकाठची. भरतीचं पाणी अडवायला बाहेरकाठा, म्हणजे मातीचा मोठा बांध. आतल्या पावसाच्या पाण्याला बाहेर जायला उघाडी. बांध अख्ख्या गावाचा, पण प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक तुकडा. खेकडे बिळं पाडतात, उंदीर पाडतात. बीळ बोटाएवढं असतं तेव्हा मूठभर चिखलानं बुजतं. नाही बुजवलं तर अवसेपुनवेच्या उधाणात पाणी त्यातून शिरतं आणि खांड पडते. मग एकाचं शेत जात नाही, सगळ्यांची जातात, आणि खारं पाणी फिरलेली जमीन पुढची काही पिकं देत नाही. एका चाकाचा कप आणि चार चाकांचं तेल, तीच गोष्ट.

वडिलांच्या वेळी होळी झाली की सगळे मिळून बाहेरकाठ्यावरून चालत जायचे. भांगाचे दिवस बघून, म्हणजे भरती लहान असताना. ज्याच्या तुकड्यात बिळं सापडतील त्याला तिथंच बोलणी बसायची आणि एक दिवस गावाच्या उघाडीवर फुकट राबावं लागायचं. "अजून पाणी कुठं आलंय?" असं कुणी म्हटलं तर म्हातारे म्हणायचे, पाणी यायची वाट बघायची तर बांध कशाला? आणि कधी खांड पडलीच, तर ती कुणाच्या तुकड्यात पडली हे त्या रात्री कुणी विचारत नसे. आधी चिखल, मग चौकशी. ज्याचा तुकडा फुटला तो आणि ज्याचा शाबूत राहिला तो, दोघं एकाच ओळीत उभे राहून चिखलाचे गोळे पुढं द्यायचे. कारण शाबूत राहिलेल्याला ठाऊक असायचं, की आपल्याही तुकड्यात बिळं होती. पाण्यानं जोर दुसरीकडे लावला, इतकंच.

म्हणजे म्हाताऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. दोष बघायचा तो उधाणाच्या आधी, आणि सगळ्यांचा बघायचा. नुकसान झालं की ते वाटून घ्यायचं. आम्ही भाऊच्या बाबतीत बरोबर उलटं केलं. आधी कुणी कुणाचे ब्रेक बघितले नाहीत. गावात त्या वेळी दहा-बारा टेम्पो होते, त्यातले किती डब्यावर चालले होते ते देव जाणे. आणि खांड पडल्यावर चिखल कुणी दिला नाही, नुसती चौकशी केली. चौकशी करणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तो आवाज कशाचा होता ते आता कळतं. ज्याच्या तुकड्यातली बिळं झाकलेली असतात, तोच दुसऱ्याच्या खांडीकडे बोट दाखवायला पुढं असतो.

माझी खरी चूक कुठली, हे मी आता असं धरतो. ब्रेकची चूक होतीच. पण तिच्यापेक्षा मोठी चूक मी गोष्ट सांगण्यात केली. १९९४ साली घरी आल्यावर मी चमत्कार सांगितला. त्याऐवजी, "दोन महिने डबा भरत होतो, एक बाई माझ्यामुळं मरणार होती," असं देवळात सांगितलं असतं, तर आठ दिवस लोक हसले असते, पण चार टेम्पोवाल्यांनी आपली चाकं उघडली असती. त्यात भाऊ असता का? मला सांगता येत नाही. नसताही. पण ज्याच्यावर बेतलं आणि जो सुटला, त्याच्याकडे गावाच्या उपयोगाची एक बातमी असते : बीळ कुठं आहे. ती मी देवीच्या नावाखाली दडपली. आईची श्रद्धा खरी होती, तिला मी नावं ठेवत नाही. देवीनं वाचवलं असेल. पण वाचवलं ते पोरांना आणि त्या ठाकरणीला. मला तिनं निर्दोष ठरवलं, असं आई कधी म्हणाली नव्हती. ते मी परस्पर धरून चाललो.

चाचांचं काम तीन आठवडे चाललं. किंगपिन, बुश, आर्मचे रबर, शॉकॲब्सॉर्बर, चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होजपाइप, शूचं नवं अस्तर. सामान निम्मं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलं, जिथं गाडी जन्मली त्याच गावातून. नवे बुश रीमर मारून खुंटीच्या मापाचे केले, ड्रम लेथवर घासून गोल केले. साठ हजारांतले बहुतेक तिथंच संपले. मुलगा थोडा खट्टू झाला. मी त्याला डब्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. त्या गाडीत तो आईच्या मांडीवर होता. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "राहू दे रंग."

शेवटच्या दिवशी ब्रेकमधली हवा काढायची होती. चाचांनी मला सीटवर बसवलं. "मी सांगीन तसं करा. दाबा... धरून ठेवा... सोडा." चाचांचा पोरगा खाली नळीला बाटली लावून बसलेला. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. चौथ्या चाकाला पेडल पायाखाली घट्ट झालं. मागं असं घट्ट कधी लागलं होतं, मला आठवेना.

त्या संध्याकाळी मी लग्नाची पत्रिका घेऊन भाऊकडे गेलो. जिथं आमचा बाहेरकाठा होता तिथं आता सेक्टरचे नंबर आहेत. तिकडच्याच एका इमारतीत तो मुलीकडे राहतो. दोघांनाही आता कमी दिसतं, कमी ऐकू येतं. मी बसलो, पाणी प्यायलो आणि म्हटलं, "भाऊ, देवळातल्या बैठकीत मी जे बोललो, ते बोलायचा मला अधिकार नव्हता. तुला ठाऊक होतं. तू बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "बोलून काय? पोर परत येनार व्हता का?"

मी म्हटलं, "लग्नात मी हे चार लोकांत सांगणार आहे. घाटातली गोष्ट. डब्यासकट."

तो काही म्हणाला नाही. पत्रिका उलटीसुलटी करून बघितली. लग्न बारा तारखेचं, ते त्यानं मुलीकडून वाचून घेतलं. मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा त्यानं मागनं विचारलं, "फियाट काढलीस म्हनं. चारी चाकं खोललीस ना या टायमाला?"

"चारी," मी म्हटलं.